बाबांची शेड आणि माझी शेड

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. शास्त्रीय प्रयोगाची नोंद हवीच. माझी नवी डुकरांची शेड तयार आहे: घाण खाली पडेल अशी सिमेंटची फटींची जमीन, पंखे, वर घाण शून्य. शेजारी बाबांची जुनी: गुडघाभर पेंढा आणि मोकळं अंगण. दोन्हींत वीस-वीस डुकरं, वय सारखं, खाणं सारखं. वजन आणि मांस ज्या शेडचं सरस, ती राहील. दुसरी पाडायची. आईला तसं लिहून दिलंय. बाबांना जाऊन आठ महिने झाले. शेवटपर्यंत माझ्या नव्या शेडला विरोध. आता कळेल त्यांना.

१९ जानेवारी, दुपारी ४
जुन्या शेडमधली वीसच्या वीस डुकरं दाराशी येऊन उभी. बाबा रोज चार वाजता शेडवर यायचे. पण ही डुकरं आणली नोव्हेंबरात. त्यांनी बाबांना पाहिलेलंच नाही. वाऱ्याची दिशा असणार.

२ फेब्रुवारी
नव्या शेडमध्ये एकमेकांच्या शेपट्या चावणं सुरू. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कंटाळलीत. डुकरं! कंटाळलीत! चघळायला एक साखळी टांगली. फार लाड नकोत.

२० फेब्रुवारी, दुपारी ४
आज दाराशी मीही गेलो. डुकरं माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यामागे बघत होती. वळून पाहिलं नाही. कामं होती.

११ मार्च
वजन केलं. जुनी शेड सरासरी सहा किलो पुढे. काटा बिघडलाय.

१२ मार्च
काटा ठीक आहे.

२६ मार्च
उद्या आईसमोर शेवटचं वजन, मग माल खाटकाकडे. जुन्यातली सहा भारी डुकरं नव्यात नेली, नव्यातली सहा मरतुकडी जुन्यात. कानातले बिल्ले बदलले. ही लबाडी नव्हे, दुरुस्ती. दिवा लावला नाही, वीज महाग आहे. मागे कोणीतरी उभं असल्यासारखं सारखं वाटत होतं. मोठ्याने म्हणालो, बाबा, एवढं एकदाच.

२७ मार्च
वजनात नवी शेड जिंकली. पण संध्याकाळी माल खाटकाकडे जाईपर्यंत मारामारी. अनोळखी डुकरं एकत्र टाकली की जिवावर उठतात, हे बाबा मला लहानपणापासून सांगायचे. कान फाटले, पाठी सोलल्या. दोन्ही शेडमध्ये. किंकाळ्या घरात ऐकू येत होत्या. आई जेवली नाही.

२९ मार्च
खाटीक घरी आला. म्हणाला, दोन्हीकडचं मांस फिकट, पाणी सुटतंय, भेदरलेल्या जनावराचं. इतक्या वर्षांत या घरून असलं आलं नव्हतं. पाठवण्याआधी दोन्हीकडची जनावरं मिसळलीत का, असं विचारलं. मी म्हणालो, छे. आईने माझ्याकडे पाहिलं आणि त्याची माफी मागितली.

३० मार्च
आई म्हणाली, काही पाडायचं नाही. म्हणाली, जायच्या आदल्या दिवशी बाबा तिला म्हणाले होते, बांधू दे त्याला शेड, मी उगाच अडवलं, पोरगा हुशार आहे. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तीनदा आले सांगायला. तू दरवेळी बाबा कसे चुकले तेच सांगत बसलास.

बराच वेळ रडलो. रडण्याचं कारण लिहायला बसलोय, सुचत नाहीये.