आरशातलं रीडिंग

प्रिय ठकू,

पत्र बघून आधी घाबरू नकोस. पाकिटावर निळे डाग दिसतील ती शाई आहे, कपड्यावर छापायची. माझ्या नखांत जाऊन बसलीय आणि साबणाला दाद देत नाही. परवा भाजीवाल्याने विचारलं, काकू, घराला रंग काढलाय का? मी हो म्हणून टाकलं. कोण समजावत बसणार, की ही बाई या वयात घरी बसून नवऱ्याचे शर्ट छापते. तुला फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू 'कशी आहेस' म्हणालीस की माझं तोंड आपोआप 'सगळं छान' म्हणून मोकळं होतं. शिवाय तुझे बाबा कान लावून शेजारीच बसलेले असतात. म्हणून कागद घेतला. ते आत्ता समोर खुर्चीत आहेत, दुपारची डुलकी चाललीय, तेवढ्यात जमेल तेवढं लिहिते.

तू येऊन गेलीस त्यानंतर त्यांचं बाहेर जाणं वाढलं. आधी दारापर्यंत जायचे, मग कोपऱ्यापर्यंत. जन्मभर लोकांच्या घरची विजेची मीटरं वाचत हिंडलेला माणूस, त्याचे पाय घरात ठरणार कसे? एक दिवस मागच्या गल्लीतल्या एका घरात शिरले. घरचे लोक जेवत होते. हे सरळ जिन्याखाली गेले, वाकून मीटर बघितलं, बोटाने हवेत आकडा लिहिला आणि जाता जाता त्यांना झापलं, की दिवसाढवळ्या एवढे दिवे कशाला जाळता. त्या बिचाऱ्यांनी घाबरून दोन दिवे मालवलेसुद्धा! त्यांच्याच सुनेने हे मला हसत हसत सांगितलं आणि मीही हसले. पुढच्या खेपेला मात्र हसू आलं नाही. सकाळी गेलेले अंधार पडायच्या बेताला सापडले, बसच्या शेवटच्या थांब्यावर, बूट हातात घेऊन बसलेले. कुणीतरी पत्ता विचारला तर त्यांनी लहानपणीच्या घराचा सांगितला होता. ते घर पाडूनही जमाना लोटला.

मग मी काय काय करून बघितलं म्हणून सांगू. खिशात चिठ्ठी ठेवली, ती त्यांनी वाण्याला बिल म्हणून दिली. गळ्यात नाव-पत्त्याचा पट्टा अडकवला तर अंगावर ओरडले, मी काय कुत्रा आहे का? मनगटाला बांधला तो दातांनी तोडला. दाराला कुलूप घातलं तर दाराशी उभे राहून रडायला लागले गं, मोठ्याने, लहान मुलासारखे. मला बघवेना. मीच कुलूप काढलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मी अगदी हात टेकले. तेव्हा शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, काकू, अंगातला कपडा तर टाकून देणार नाहीत ना? मग त्यावरच छापा की. त्या घरच्या घरी पोरांच्या संघांचे शर्ट छापतात. त्यांनी मला आपली जुनी चौकट दिली आणि एक दुपार बसून शिकवलंही.

तुला वाटेल त्याला मोठं यंत्र लागत असेल. काही नाही. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली बारीक जाळी असते, तिला स्क्रीन म्हणायचं. मागून चिकट असलेला व्हिनाइलचा कागद मिळतो, स्टिकरचा असतो तसा. त्यावर अक्षरं काढायची, पाठचा कागद न फाडता ब्लेडने कापायची आणि चिमट्याने एकेक अक्षर उचलून टाकायचं. उरतो तो नुसत्या अक्षरांच्या भोकांचा कागद. तो जाळीला खालून चिकटवायचा, खाली शर्ट पसरायचा, वर शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने एका दमात ओढायची. भोकांतून शाई खाली उतरते, बाकीची वरच अडते. वाळलं की कागद ठेवून इस्त्री फिरवायची, शाई पक्की होते. छळतं ते शून्य. बाहेरून कापलं की पोटातला गोल तुकडाही सुटून येतो, तो चिमट्यात धरून बरोब्बर मधोमध परत बसवावा लागतो. आणि माझ्या नंबरात शून्यं तरी किती! हा नंबर घेताना तुझेच बाबा म्हणाले होते, हा घे, लक्षात ठेवायला सोपा आहे.

नंबराच्या वर काय लिहायचं यावर मी दोन दिवस घालवले. 'हे गृहस्थ वाट चुकतात' हे मला लिहवेना. ते गृहस्थ आहेत, तुझे बाबा आहेत, हरवलेलं सामान नाहीत. शेवटी लिहिलं, 'माझी घरी वाट बघतायत', आणि खाली नंबर. बटणांचे शर्ट बाद झालेत, कारण बटणं खालीवर लागतात आणि मग दिवसभर चिडचिड, म्हणून गोल गळ्याचे घेतले. पहिला त्यांच्या आवडीचा राखाडी. टेबलावर पसरला, छातीवर चौकट ठेवली, पट्टी ओढली. चौकट उचलली आणि कपाळाला हात लावला. सगळं उलटं! कागद जाळीला खालून लागतो म्हणजे तो पालथा होतो, म्हणून अक्षरं आधीच उलटी कापायची असतात. शिंपीणबाईंनी हे दोनदा सांगितलं होतं, मीही शहाण्यासारखी मान हलवली होती. पण पहिलीच्या पोरांची उलटी अक्षरं सुलटी करण्यात माझी सगळी नोकरी गेली, ठकू. हातात ब्लेड आलं आणि हाताने आपलं तेच केलं, सगळं नीट सुलटं कापून ठेवलं. त्यात शून्यं तेवढी बरोबर आली. तुझे बाबा माझ्या मागून डोकावले, शर्टाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि खो खो हसायला लागले. मग मीही. किती दिवसांनी दोघं एकाच गोष्टीला हसलो असू! हसता हसता मला रडू कधी आलं कळलंच नाही, आणि ते मात्र तसेच हसत राहिले.

राखाडी शर्ट मी कपाटाच्या तळाशी दडपला. बाकीच्या शर्टांवर सुधारून छापलं आणि पाठीवर छापलं, म्हणजे त्यांना दिसायला नको. आता आम्ही फिरायला निघतो तेव्हा ते चार पावलं पुढे असतात आणि माझाच नंबर माझ्यापुढे चालत असतो. लोक वाचतात. कुणी हळहळतं, कुणी पोराला कोपराने ढोसून दाखवतं. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण उपयोग झाला हे खोटं कसं म्हणू? मला फोन यायला लागले. बाई, तुमचा माणूस आमच्या दुकानात बसलाय, घाई नाही, या सावकाश. असं बोलणारी माणसं आहेत अजून. एकदाच घोटाळा झाला. मी एका तपासणीला गेले होते, फोन बाहेर ठेवायला लावला होता. ती सगळी दुपार तुझे बाबा एका सायकलवाल्याकडे बसून राहिले आणि तो बिचारा माझा नंबर लावत राहिला. त्या तपासणीचं पुढे लिहिते.

तर राखाडी शर्ट. तो त्यांनी शोधून काढलाच. घरात स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण दडवलेलं बरोबर सापडतं. आता सकाळी तोच हवा असतो, म्हणून त्याच्याही पाठीवर सुलटं छापून टाकलं. धुतला तर दोरीखाली खुर्ची टाकून वाळायची वाट बघतात. मला कळेना काय आहे त्यात. मग एका सकाळी बघितलं. तोंड धुवायच्या बेसिनवरचा आरसा आहे ना, त्याच्यासमोर ताठ उभे होते. आरशात उलट्याचं सुलटं होत होतं. छातीवरचे आकडे एकेक करून बोटाने वाचत होते, अगदी कामावर असताना वाचायचे तसे, डोळे बारीक करून. वाचून झालं, स्वयंपाकघरात आले आणि मला म्हणाले, रीडिंग तेच आहे.

मला केवढा आनंद झाला! वाटलं, चला, माझ्या चुकीने का होईना, नंबर पाठ तरी होईल. रोज सकाळी आरसा, रोज सकाळी रीडिंग तेच आहे. मीही म्हणायचे, हो साहेब, तेच असणार. गंमत चालली होती आमची. मग गेल्या आठवड्यात ते तसेच आले, पण आले ते स्टुलावर बसले आणि कामावरच्या आवाजात माझ्याशी बोलायला लागले. म्हणाले, बाई, या घराचं रीडिंग हलतच नाही. वापर काहीच नाही. इथे कुणी राहत नाही, घर बंद लिहावं लागेल. माझ्यासमोर गॅस चालू होता, त्यांचाच चहा उकळत होता. मी म्हटलं, अहो, मी राहते ना इथे. त्यांनी माझ्याकडे अगदी सभ्यपणे बघितलं आणि म्हणाले, असं सगळेच सांगतात.

चहा उतू गेला. पुसायचं सुचलं नाही मला. त्या क्षणी, ठकू, तुझी आठवण झाली. तू आली होतीस तेव्हा दार उघडून ते तुला म्हणाले होते, ताई, मीटर कुठाय? तू बॅग खाली ठेवलीस, जिन्याखाली जाऊन त्यांच्यासाठी बॅटरी धरलीस, त्यांना आकडा वाचू दिलास. मग आत येऊन नळ सोडलास. मला काय कळत नव्हतं, की त्या नळाखाली एकही भांडं नव्हतं? ठरल्यापेक्षा आधीच तू निघालीस, ऑफिसचं काम आलं म्हणालीस. मी डबा भरून दिला, काही विचारलं नाही. अगं, मला पाय काढता आला असता तर मीही काढला असता. तुझ्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता. तेव्हा तुझं दुःख मला समजलं होतं, पण माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं ते गेल्या आठवड्यात.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू. ती तपासणी माझ्या पोटातल्या गाठीची होती. काढावी लागणार आहे, आणि काढल्यावर ती कसली आहे ते कळेल. हे पत्र तुला मिळेल त्याच्या पुढच्या आठवड्यात मला भरती व्हायचंय. तिथे माझा फोन कपाटात बंद असेल आणि तुझे बाबा दुपारी दार उघडून निघतील. शिंपीणबाई त्यांच्याकडे बघणार आहेत, माझा नंबर छापा म्हणाल्या. माणूस लाखमोलाचा आहे. पण ही शाई चार दिवसांपुरती छापता येत नाही गं. धुऊन जात नाही, उकळून जात नाही. आता जो नंबर त्यांच्या अंगावर जाईल तो मी घरी आले तरी राहणार आणि नाही आले तरी राहणार. म्हणून मला तुझा हवाय. मी तो कापूनही ठेवलाय, पण अजून चिमटा लावलेला नाही. कागद अखंडच दिसतो, तू नाही म्हणालीस तर कुणाला कळणारही नाही. हो म्हणालीस तर कधीतरी एखादा दुकानदार तुला म्हणेल, तुमचा माणूस इथे बसलाय. तू एवढ्या लांबून धावत येशील आणि तो माणूस तुला ताई म्हणेल. हे सगळं ठाऊक असून मागते आहे, कारण मागायला मला दुसरं कुणी नाही. पाठीवर सुलटा छापीन, लोकांसाठी. आणि एका शर्टाच्या छातीवर उलटा, मुद्दाम. मग सकाळी ते आरशासमोर उभे राहून एकेक आकडा वाचतील आणि स्वयंपाकघरात येऊन मला, किंवा तिथे जे कुणी असेल त्याला, सांगतील, की रीडिंग बदललंय, या घरात कुणीतरी राहायला आलंय.

तुझीच,
निळ्या नखांची आई