बारा काचपट्ट्या आणि खोली क्रमांक चार

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी (साहित्य व प्रशिक्षण),
विभागीय शिक्षण कार्यालय, दुसरा मजला.

विषय : भूविज्ञान व हवामान साहित्यपेटीतील काचपट्ट्या फुटल्याबाबत खुलासा व खोली क्रमांक चारमधील मुले हलवण्याबाबत.

संदर्भ : "काच हाताळण्यातील निष्काळजीपणा" या मथळ्याचे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार सातवीची भूगोल शिक्षिका आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने अर्ज डाव्या हाताने लिहिला आहे. अक्षर वेडेवाकडे असले तरी मजकूर सरळ आहे.

२. आपल्याच कार्यालयाने अर्जदाराला पाच दिवसांचे प्रशिक्षण दिले आणि बारा काचपट्ट्या, एक पर्जन्यमापक व एक हातोडी असलेली पेटी दिली. त्या प्रशिक्षणाविरुद्ध तिची तक्रार नाही. इतके उपयोगी शिक्षण तिला आयुष्यात मिळाले नव्हते. तड्यावर काचपट्टी आडवी बसवावी, तडा केसभर जरी रुंदावला तरी ती फुटते, असे तिथे शिकवले. म्हणजे फुटणे हेच त्या काचेचे काम. आपल्या पुस्तिकेत हे पान एकोणीसवर छापले आहे, आणि काच का फुटली असे विचारणारे पत्रही आपलेच आहे.

३. खोली चारची मागची भिंत डोंगराच्या कापलेल्या कड्यापासून हातभर अंतरावर आहे. वर दगडाची खाण आहे. रोज सव्वाअकराला सुरुंग उडतो, तेव्हा छताचा चुरा पानांवर पडू नये म्हणून मुले न सांगता वह्या मिटतात. यंदा गेल्या वर्षीचा दोन महिन्यांचा पाऊस पर्जन्यमापकात चार दिवसांत भरला. मुलांनी त्या भिंतीतल्या तड्यावर एकेक काचपट्टी लावली. पहिली नऊ दिवस टिकली, अकरावी दीड तास.

४. मुलांनी या नोंदी स्वतःच खाणीच्या कचेरीत नेऊन दिल्या. सुरुंग तीन दिवस बंद राहिले आणि मजुरांना घरी बसवले. चौथ्या दिवशी दुसऱ्या तासाला त्या मजुरांपैकी पाच पालक वर्गात शिरले. चौघांनी अर्जदाराचा हात टेबलावर दाबून धरला. पाचव्याने पेटीतली हातोडी उचलली. पहिल्या घावाला मनगट गेले, दुसऱ्याला दोन बोटे, तिसरा टेबलात रुतला. त्याची मुलगी पहिल्या बाकावरून ओरडत आली, "बाबा, बाईंना नका मारू, काच मी लावलीय!" त्याने तिलाही ढकलले. बाकाच्या कडेवर तिचे कपाळ फुटले आणि रक्त वहीवर सांडले. तेव्हा कुठे हातोडी खाली पडली.

आपल्या अभिप्राय-पत्रकात "प्रशिक्षणाचा पालकांवर झालेला परिणाम" यासाठी एक ओळ ठेवली आहे. ती पुरली नाही.

५. हातोडी पोलिसांकडे जमा आहे, त्यामुळे पेटी पूर्ण परत करता येत नाही. आपण कळवता की अर्जदाराने आधी "साहित्य जपून हाताळण्याचे" दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे. ते प्रमाणपत्र जोडल्यावर मुले हलवण्याचा विचार होईल. मुख्याध्यापक म्हणतात, "आदेशाशिवाय माझे हात बांधलेत, बाई." अर्जदाराने स्वतःच्या प्लास्टरकडे पाहिले.

६. वर्गाची उपस्थिती एक्केचाळीसवरून नऊवर का आली, हेही आपण विचारले आहे. खुलासा असा. ज्याने हात मोडला तो पालक जामिनावर सुटल्यावर एकदा शाळा सुटताना एकटाच आला. वीस वर्षे त्याने दगड फोडला आहे. त्याने तड्यात बोटे घातली, ती पेरापर्यंत आत गेली. "दगड सुटलाय, बाई," एवढेच तो म्हणाला. माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याची मुलगी आली नाही आणि आठवड्यात त्याच्यासह खाणीतल्या बत्तीस घरांनी मुले घरी ठेवली. दुसरे काम नसल्याने त्यांचे बाप आजही वर सुरुंग लावतात.

उरलेल्यांच्या घरी दगड ओळखणारे कोणी नाही. अर्जदार दारोदार जाऊन सांगून आली. ते म्हणतात, "तुमची पोरगी तिथंच बसते ना? मग भ्यायचं कशाला?" उरलेल्या नऊंपैकी एक अर्जदाराचीच मुलगी आहे. तिला वर्गातून काढल्यास घबराट पसरवल्याबद्दल अर्जदाराचे निलंबन होईल, अशी लेखी ताकीद मिळाली आहे. त्या ताकिदीला भिऊन अर्जदाराने पोटच्या पोरीला सहा दिवस त्या भिंतीखाली बसवले, तेही दाराजवळ, पळता यावे म्हणून. बाकी आठ दाराजवळ नव्हती. याची अर्जदाराला लाज वाटते.

७. आज प्रार्थनेनंतर बारावी काचपट्टी दाराच्या चौकटीपर्यंत आलेल्या तड्यावर लावली. सव्वाअकराला ती फुटली आणि दार अडकले. प्लास्टरच्या हाताने धडका देऊन ते उघडले. हात पुन्हा मोडला असावा. नऊही मुले बाहेर काढली. वर्ग आता मैदानात भरतो आहे. खोलीचे दार ओढून घेऊन कुलूप लावले आहे.

अर्जदार निलंबनास तयार आहे. विनंती एकच. काच निष्काळजीपणानेच फुटली असे अजूनही वाटत असेल, तर आपण स्वतः येऊन कुलूप काढावे आणि अकरा ते साडेअकरा भिंतीला पाठ टेकून बसावे. बाक रिकामे आहेत.

कुलपाची बाब वगळता आपली आज्ञाधारक,

(डाव्या हाताची सही)
भूगोल शिक्षिका, इयत्ता सातवी
दिनांक : आजचाच, दुपारी बारा

सोबत :
१. पावसाच्या नोंदी, मुलांच्या अक्षरात.
२. बारावी काचपट्टी, दोन तुकडे. जपून हाताळावी.
३. खोली क्रमांक चारची किल्ली. दुसरी नाही.