पीठ बंदराबाहेर

जहाजावरून, ११ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

फोन बंद ठेवायची सक्ती आहे, म्हणून पाण्याच्या बोटीबरोबर पत्र देतो. आमचा एजंट त्याचा फोटो तुम्हाला पाठवेल. महिनाभर आम्ही बंदराबाहेर नांगर टाकून आहोत. या देशात आपसातच युद्ध चाललंय. शहर बंडखोरांकडे, समुद्र सरकारी आरमाराकडे. बंदरावर अधूनमधून तोफा डागतात, पण आरमाराचा खरा भरवसा उपासमारीवर आहे. आमचं गव्हाचं पीठ आत जाऊ देत नाहीत. त्यांचा अधिकारी आमच्याच टेबलावर आमलेट खात म्हणतो, महिन्यात शहर गुडघे टेकेल. किळस येते.

आता आरमार तपासणी करून काही जहाजं आत सोडणार आहे; रविवारी, २१ला, त्या यादीत आमच्या जहाजाचं नाव द्यायचंय. तपासणी झाली की आत जायचं. माल माझ्या ताब्यात, म्हणून सही माझी. दिवस बरा आहे ना, ते कळवा. आईला नमस्कार.

तुमचा, विश्वेश

नाशिक, १५ सप्टेंबर

चि. विश्वेश यास, अ. उ. आ.

समुद्र ओलांडताना विचारलं नाहीस, आता सहीसाठी विचारतोस, हेही नसे थोडके. पितृपक्षामुळे रामकुंडावर उभं राहायला जागा नाही. दिवसभर यजमानांना मंत्र सांगून घसा बसलाय.

रविवारी सर्वपित्री अमावास्या. नव्या कामाचा तो दिवस नव्हे. सोमवारी घटस्थापना आहे, तेव्हा सही कर. महिना थांबलात, एका दिवसाने काय बिघडतं. त्या अधिकाऱ्याचं वाचून तुझ्या आईला घास जात नाही.

प्रकृतीस जप. वेणीमाधव

जहाजावरून, ३० सप्टेंबर

ती. बाबांस, सा. न.

कागद तयार नाहीत असं कॅप्टनला खोटं सांगून मी रविवार घालवला. त्याच संध्याकाळी यादी बंद झाली. पिठात अळ्या पडल्या. काल दिवसभर ते समुद्रात टाकलं. किनाऱ्यावरून होड्या आल्या, माणसं ओलं पीठ ओंजळीने उचलत होती. आरमाराने पाण्याचे फवारे मारून त्यांना हाकललं. एक होडी उलटली. तिघं होती, वर कोणीच आलं नाही.

तो अधिकारी अजून जेवायला येतो. त्याच्यात आणि माझ्यात मला फरक सापडत नाही.

विश्वेश

नाशिक, ७ ऑक्टोबर

चि. विश्वेश यास, आशीर्वाद.

तुझं पत्र आईने मोठ्याने वाचलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. दिवस मी सांगितला, दोष माझा. चाळीस वर्षं लोकांना तिथी सांगतोय, त्याची आता शिसारी येते. त्या तिघांसाठी आज धर्मपिंड दिले, नावगोत्र ठाऊक नसलं तरी ते देता येतात. एवढंच माझ्या हातात होतं.

तू मनाला लावून घेऊ नकोस. वेणीमाधव

जहाजावरून, १२ ऑक्टोबर

ती. बाबांस, सा. न.

त्यांच्यासाठी आता काही करू नका. त्यांना पीठ जिवंतपणी हवं होतं.

आणि दोष तुमचा नाही. तिथीवर माझा कधीच विश्वास नव्हता. सही केली की तोफांखाली आत जावं लागणार होतं, आणि मला भीती वाटत होती. तुम्ही काहीतरी आडवं सांगाल म्हणूनच विचारलं. तुमचं उत्तर आलं तेव्हा सुटल्यासारखं झालं. हे पत्रही आईला मोठ्याने वाचायला द्या.

लोभ ठेवा असं लिहायला धजत नाही.

विश्वेश