गाडी आता लगेच ऐकते

तीर्थरूप मामांस,

तुमच्या भाच्याचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. तुमचा खोकला गेला असेल असे आई म्हणते. नसेल गेला तर का नाही गेला, हेही तिने विचारले आहे. आमच्याकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत. गाडीची प्रकृती तर इतकी उत्तम झाली आहे की त्यामुळेच हे पत्र लिहावे लागत आहे.

आपली जुनी पिकअप बाबांना तुम्हीच मिळवून दिलीत आणि चालवायलाही तुम्हीच शिकवलेत, त्यामुळे तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. चाक उजवीकडे फिरवले की ती जरा विचार करायची, आणि पटले तर उजवीकडे जायची. "तिला आधी सांगून ठेवायचं, मग ती ऐकते," हे तुमचे वाक्य बाबा काचा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवतात. सरळ रस्त्यावरही ते चाक डावी-उजवीकडे हलवत राहायचे, पाळणा हलवावा तसे, आणि त्यामुळे गाडी सरळ जायची. मागे खिडक्यांच्या काचा उभ्या, शेजारी मी, आणि माझा जीव काचांहून नाजूक आहे हे तुम्ही जाणता. (सीटचेही तुम्हाला आठवत असेल. ब्रेक दाबला की ड्रायव्हरची सीट मागे पळायची म्हणून तुम्ही बाबांच्या पायांचे माप घेऊन ती वेल्डिंगने कायमची पक्की केलीत. आई तेव्हा नुकतीच गाडी शिकली होती. तिचे पाय पोचेनात, म्हणून तिचे रस्त्यावर चालवणे तिथेच राहिले. हे सहज आठवले म्हणून लिहिले.)

तर मी एकदा गाडीखाली शिरून पाहिले. हातातल्या चाकापासून खाली येणारा दांडा जिथे पुढची चाके वळवणाऱ्या पेटीला जोडला जातो, तिथे एक रबरी चकती असते. आमच्या गाडीत तिथे जे होते ते झिजलेल्या चपलेच्या टाचेसारखे दिसत होते. (चप्पल बरी, ती तुटली तर माणूस निदान थांबतो.) गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेल्या मिस्त्रींना दाखवले. त्यांनी चकती बोटाने दाबली, बोट पुसले आणि विचारले, "इतकी वर्षं कुणाच्या भरवशावर चालवताय?" मी म्हणालो, मामांच्या. ते म्हणाले, नुसती चकती बदलू नकोस, दांडाच बदल. नवा दांडा दोन भागांचा, दोन्ही टोकांना क्रॉस म्हणजे वळणारे सांधे, आणि समोरून धडक बसली तर दुर्बिणीसारखा आपल्यातच मिटतो. जुना अखंड असतो. तो धडक बसल्यावर सरळ चालवणाऱ्याच्या छातीपर्यंत येतो. हे ऐकल्यावर मला जेवण गेले नाही. समोर बाबा भाकरी मोडत बसले होते आणि मी त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत होतो.

बाबांचे म्हणणे, चालतंय ते चालू दे. पण ते खोकल्याने घरी पडून होते तेवढ्यात मी काम उरकले. प्रत्येक जोडावर आधी पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले, म्हणजे कोणता दात कोणत्या खाचेत होता ते कळावे. पण ठिपके जुन्या दांड्यावर होते आणि तो तर मी काढून ठेवणार होतो, हे नंतर लक्षात आले. मग चाक वाकडे बसले, ते उघडून परत बसवले. त्यात भोंग्याची वायर चेपली आणि डावीकडे वळले की भोंगा वाजू लागला. (समोरच्या शिंप्याला वाटे आम्ही त्यालाच बोलावतो. तो दोनदा बाहेर आला, आणि आता आमच्याशी बोलत नाही.) तेही निस्तरले. मिस्त्रींनी गाडी फिरवून आणली आणि म्हणाले, लोण्यातून सुरी. मी स्वतः फिरवली नाही. मी गाडी दुरुस्त करतो, चालवत नाही. रस्त्यावर इतर लोक असतात.

बरे वाटल्यावर बाबा बसले, मी शेजारी. त्यांनी सवयीने पाळणा हलवायला घेतला आणि गाडीही तशीच हलू लागली, अगदी आज्ञाधारकपणे. डावीकडे सायकलवाला, उजवीकडे विजेचा खांब, पुन्हा सायकलवाला. पुढे कोपऱ्यावर वळायचे होते. तुम्हाला माहीत आहेच, त्या कोपऱ्यासाठी बाबा औषधाच्या दुकानापासूनच चाक फिरवायला लागतात. त्यांनी तिथून फिरवले, आणि गाडी औषधाच्या दुकानातच वळली. पायरीशी थांबली. कुणाला लागले नाही, मागे एक आरसा होता तोही वाचला. दुकानदार काउंटरमागून शांतपणे म्हणाला, "चिठ्ठी आणलीय का?"

बाबांनी गाडी मागे घेतली. घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "गाडीनं ऐकावं, पण इतकं लगेच?" तेव्हापासून ते गाडीत बसलेले नाहीत. काचा हातगाडीवरून पोचवतात, आणि हातगाडीवर मोठ्या काचा जात नाहीत. शाळेच्या सगळ्या खिडक्यांचे काम आपल्याकडे आहे. सुट्टी संपून वर्ग भरायच्या आत काचा पोचल्या नाहीत तर ते काम बाजारातला दुसरा काचवाला उचलेल, आणि मग बाबा हातगाडीलाही हात लावणार नाहीत. जुना दांडा परत बसव, असे ते म्हणतात. तो मी पोत्यात गुंडाळून ठेवला आहे, पण तो बसवायला माझा हात धजत नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते दुसरे बटण येते.

म्हणून विनंती की तुम्ही यावे आणि दोन दिवस त्यांच्या शेजारी बसावे. त्यांना पाळणा तुम्हीच शिकवलात, तो सोडायलाही तुमच्याच तोंडून ऐकतील. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. पत्र टाकायला निघालो तेव्हा किल्ली खिळ्यावर नव्हती. आई पाठीशी दोन उश्या घेऊन चाकामागे बसली होती. (लायसन्स तिच्याकडे आहे, तुम्ही सीट पक्की करण्याआधीच तिने काढले होते, आणि ती ते न चुकता नवे करून घेते. सीटच्या काठावर सरकून शेडमधून गाडी आत-बाहेर करायची तेवढेच ते आजवर कामी आले.) काचा मागे बांधून झाल्या होत्या. बाबा शेजारी बसले, मी मागे काचांना धरून. औषधाच्या दुकानापाशी बाबा म्हणाले, "आता वळव." आई म्हणाली, "कोपरा अजून पुढं आहे." आणि कोपरा आल्यावर वळली. तिला पाळणा कधी शिकवलाच नव्हता, त्यामुळे सोडायचा प्रश्नच आला नाही. शाळेपर्यंत बाबांचे हात मांडीवर डावी-उजवीकडे चालूच होते. सगळ्या काचा शाबूत पोचल्या. शिपायाला बाबांनी सांगितले, "नवा दांडा बसवून घेतलाय," आणि हे त्यांनी असे सांगितले की मलाही क्षणभर तो त्यांनीच बसवून घेतला असे वाटले.

दु. ता. क. त्यामुळे वर लिहिलेली विनंती रद्द समजावी. शिकवायला येऊ नये. पण यावे, आणि येताना वेल्डिंग कापायचा ग्राइंडर आणावा. उश्या घसरतात आणि ब्रेक ऐन वेळी लांब जातो. आईचा निरोप तिच्याच शब्दांत देतो : "दादाला सांग, सीट तू पक्की केलीस, आता तूच मोकळी कर."

ति. ता. क. हे आईला दाखवू नये. दुपारी ती झोपली की बाबा बंद गाडीत जाऊन बसतात आणि चाक अगदी हळू, एकेक बोट फिरवून पाहतात. आत्ताच येऊन विचारून गेले, सीट पुढे घेतल्यावर परत मागेही येईल ना. मी हो म्हणालो आहे. तेव्हा ग्राइंडरबरोबर सीटखालची सरकपट्टीही आणावी, पुढे-मागे दोन्हीकडे सरकणारी.