सायप्रसची तयारी

६ ऑक्टोबर १९५६, शनिवार. लष्कर, ग्वाल्हेर.
ठरलं. ३१ तारखेला रिटायर व्हायचं आणि नोव्हेंबरअखेर सायप्रस बेटावर. बेल्डनसाहेब मुरारची छावणी सोडून सायप्रसला जाताना मला म्हणाले होते, "कधी तरी ये. गोल्फ खेळू, समुद्रात डुंबू." नऊ वर्षं झाली, पण साहेबाचा शब्द. आजच पत्र टाकलं. उत्तराला पत्ता दफ्तराचा दिला. कंपू मोहल्ल्यातला घरचा पत्ता साधा दिसतो.
अनसूयेला म्हटलं, तुलाही नेणार. ती म्हणाली, "बरं." आनंदाने शब्द सुचले नसावेत.

९ ऑक्टोबर.
निश्चय : रोज पहाटे साडेपाचला उठून मुरारच्या मैदानावर गोल्फ. साहेबांनी मागे ठेवलेल्या तीन स्टिक्स आहेत.
आज सव्वाआठला जाग आली.

१४ ऑक्टोबर, रविवार.
पहिली प्रॅक्टिस. सोबत रमाकांत. बावीस वर्षं दफ्तरात आमची टेबलं शेजारी. चार चेंडू मारले, पैकी एक म्हशीला. म्हैसवाला जे बोलला ते इथे लिहीत नाही. रमाकांत हसता हसता गवतात बसला.
त्यालाही म्हटलं, चल सायप्रसला. तो म्हणाला, "भालचंद्रराव, माझी भोपाळची ऑर्डर आली. नव्या राज्याची राजधानी तिथं."
मी म्हटलं, भोपाळहून मुंबईचं बंदर जवळ, उलट सोयीचं.

१७ ऑक्टोबर.
नई सडकेवर पोहण्याची चड्डी शोधली. दुकानदार म्हणाला, "समुंदर में नहाओगे? ग्वालियर में?" शेवटी पैलवानांचा लंगोट घेतला. कापड मजबूत आहे. समुद्राला पुरेल.

२१ ऑक्टोबर, रविवार.
तिघऱ्याच्या तलावावर पोहण्याचा सराव. गुडघाभर पाण्यात पाऊण तास उभा राहिलो. समुद्राचं पाणी खारं, तिथे माणूस आपोआप तरंगतो. तेव्हा पोहणं शिकायची गरज नाही. शिंका चालू.

२४ ऑक्टोबर.
चिरंजीव शरच्चंद्राचीही भोपाळला बदली. त्याचं बिऱ्हाड लावायला अनसूया सोबत गेली. चार दिवसांत येते असं ती म्हणाली नाही, पण मी तसं धरून चाललो आहे. भांडी मात्र बरीच नेली.

३१ ऑक्टोबर, बुधवार.
मध्यभारत राज्य आणि मी एकाच दिवशी रिटायर. निरोप-समारंभ उभ्याने झाला, खुर्च्या भोपाळच्या ट्रकवर चढल्या होत्या. रमाकांत माझ्यावर बोलायला लागला, तेवढ्यात ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. भाषण अर्धं राहिलं. पुढचं मला अंदाजाने कळलं.
नवं राज्य माझ्याशिवाय कसं चालवणार, त्यांचं त्यांना माहीत.

२ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन.
गल्लीतल्या चार मराठी घरांना कुलपं, सगळे भोपाळला. माझ्या दाराशी दोन पणत्या लावल्या. वाऱ्याने एक गेली, पुन्हा लावली नाही.
शेजारच्या सुधाताई फराळ घेऊन आल्या. "वहिनी कधी येणार?" म्हटलं, आम्ही दोघं परदेशी निघालोय, धावपळ आहे. चकली उत्तम.

६ नोव्हेंबर.
पेपरात वाचलं, सुएझचा कालवा बंद. त्यात जहाजं बुडवली आहेत. सायप्रसवरून विमानं इजिप्तवर बॉम्ब टाकायला जातात.
आठ-दहा दिवसांत निवळेल. शिवाय अशा वेळी बीचवर गर्दी कमी असते.

११ नोव्हेंबर. भोपाळ.
अनसूयेला न्यायला आलो. ती मेथी निवडत होती. म्हटलं, चल, सामान बांधायचं आहे.
"तुम्ही जाऊन या. मी इथंच राहीन."
"किती दिवस?"
"आता इथंच." जुडी बाजूला ठेवली. "इथं सून बोलते, शेजारपाजारच्या बोलतात. तिकडे तुम्ही दफ्तरातून यायचात, जेवायचात, पेपर उघडायचात. तीस वर्षं. आता दफ्तर सुटलं तर बेट काढलंत. त्या बेटावर तरी माझ्याशी काय बोलणार होतात?"
चिडली नव्हती.
"तुम्हीही राहा ना इथं," ती म्हणाली. "शरद नाही म्हणणार नाही."
म्हटलं, छे, तिकडे तयारी अर्धवट पडली आहे. ती म्हणाली, "बरं." आणि दुसरी जुडी घेतली.

१५ नोव्हेंबर.
संध्याकाळी मुरारला गोल्फ. एकट्याने खेळायचा फायदा : मारलेला चेंडू आपणच आणायचा, व्यायाम दुप्पट होतो. दिवसभरात कोणाशी बोलणं झालं नाही. घसा तेवढाच बरा राहतो.

१९ नोव्हेंबर, सोमवार.
साहेबांचं पत्र येऊन पडलं असेल म्हणून दफ्तरात गेलो. इमारत तीच, आत दुसरंच खातं. फाटकावर नवा चपराशी. "किससे मिलना है, बाबूजी?"
रमाकांतचं नाव सांगितलं. "इस नाम का कोई नहीं." वरच्या मजल्यावरच्या लक्ष्मीकांतांचं सांगितलं. तेही नाहीत. आणखी कोणाचं नाव घ्यावं सुचेना, तेव्हा माझंच सांगितलं.
भला माणूस. नावांची वही काढून शेवटच्या पानापर्यंत बोट फिरवलं.
"नहीं हैं," म्हणाला. "भोपाल चले गए होंगे."
मी म्हटलं, हो, गेले असतील.