बटण दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत

दादा,

तुमचा धाकटा मुलगा सोमवारी मला म्हणाला, "मासी, आता तुमचं टेबल काढू या. सॉफ्टवेअर आलंय. ते स्वतःच टाइम मोजतं, स्वतःच ग्राफ काढतं." मी म्हटलं, काढ. आणि दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. टेबल म्हणजे तेच, दुकानात शिरल्यावर डाव्या हाताचं, ज्यावर तेवीस वर्षं मी जुने कॉम्प्युटर चालू करते आणि बंद करते. दुसरं काही करत नाही मी तिथे. बटण दाबायचं, मोजायचं, कागदावर ठिपका काढायचा. लोकांना सांगितलं तर हसतात. माझी सून म्हणते, "आई, तुम्ही कामाला जाता की स्विच-स्विच खेळायला?" तुम्ही जिवंत असता तर हे रडगाणं तुमच्यापुढे गायले नसते, कारण तुमच्यापुढे ते चालत नसे. चहा पाजून परत कामाला बसवायचात. पण तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आता उठून कुठे जाणार, ऐका.

मी तुमच्याकडे आले ती झाडू मारायला. त्याआधी कॅम्प पाचच्या वस्तीत जीन्सच्या कारखान्यात धागे कापायचे, नखं कायम निळी. तुम्ही पहिल्याच दिवशी ती नखं बघितलीत आणि म्हणालात, "इथे रंग नाही लागणार, धूळ लागेल." खरंच लागली. जुन्या कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यांतली धूळ ब्रशने काढायची, शिंका द्यायच्या. महिनाभराने एक दिवस तुम्ही माझ्या हातात ते शर्यतीचं घड्याळ दिलंत आणि विचारलंत, "अमां, गिनती आती है?" तुम्हा सिंधी लोकांत मुलीलाही अमां म्हणतात हे मला तोवर कळलं होतं, आधी वाटायचं हा म्हातारा माझी थट्टा करतो. मी म्हटलं, चौथी शिकलेय, येते. तुम्ही म्हणालात, बटण दाबशील तेव्हा घड्याळ चालू, मशीन चालू झालं की घड्याळ बंद. सोपं वाटलं. पडद्यावर हिरव्या डोंगराचं चित्र आलं तशी मी ओरडले, आलं! तुम्ही खुर्चीतून मानसुद्धा वळवली नाहीत. "क्या आया?" चित्र आलं, दादा. "फोटो तो मेरे बाप का भी दीवार पे है. उठके काम करता है क्या?"

मला राग आला होता. मग तुम्ही उठून आलात आणि दाखवलंत. चित्र आलं तरी ती वाळूच्या घड्याळाची खूण फिरतेच आहे, आतून कुरकुर चालूच आहे. लिहायची पाटी उघडायची आणि एक अक्षर दाबायचं. ते अक्षर पडद्यावर उमटलं की मशीन चालू झालं. तोपर्यंत नाही. इंग्रजीतलं मला एकच अक्षर पटकन सापडायचं, गोल, आपल्या शून्यासारखं. तेच मी दाबलं आणि आजपर्यंत तेच दाबते. त्या दिवशी चित्र आलं एक मिनिटात आणि अक्षर उमटलं पावणेतीन मिनिटांनी. मी म्हटलं, एवढा वेळ थांबायचं? तुम्ही म्हणालात, "वरी." तुमच्या भाषेत वरी म्हणजे पुन्हा, हे मी त्याच दिवशी शिकले, कारण संध्याकाळपर्यंत तुम्ही ते दहा वेळा म्हणालात.

दहा वेळा चालू, दहा वेळा बंद, हा तुमचा नियम. पहिला सकाळी, शटर वर गेल्या गेल्या, रात्रभर थंड पडलेल्या मशीनचा. तो सगळ्यांत लांबलचक. तो सोडायचा नाही, कारण गिऱ्हाईकही सकाळीच बटण दाबणार. मग शाळेच्या आलेखाच्या कागदावर आडवे एक ते दहा, उभे सेकंद. पहिला ठिपका उंच, मग बाकीचे खाली उतरून एका ओळीत, बागेतल्या घसरगुंडीसारखे. तो कागद मशीनच्या कुशीला चिकटवून द्यायचा. अख्ख्या गल्लीत असं कोणी करत नव्हतं. बाजूचे दुकानदार म्हणायचे, "साईं, कुंडली चिपका रहे हो?" तुम्ही म्हणायचात, "हां, शादी के पहले देख लो." मला त्या कागदाचा कंटाळा होता, पण हळूहळू तो वाचता यायला लागला. ठिपके दिवसभर थोडे थोडे वर चढत गेले तर मशीन तापतंय, पंखा बघा. सगळेच उंच पण एका ओळीत, तर आत फालतू भरताड भरलंय, ते काढा. आणि एक इथे एक तिथे, मेंढरं उधळल्यासारखे, तर आतली तबकडी मरायला लागली, ते मशीन कोणाच्या गळ्यात मारू नका. तुमचे शिकलेले मेकॅनिक स्क्रू काढायच्या आधी मला विचारायला लागले, मासी, कागद काय म्हणतो? चौथी शिकलेल्या बाईला हे कोण विचारतं, दादा. घरात तर मला भाजीत मीठ किती तेही विचारत नव्हते.

आणि तरी मी ते केलं. तुम्ही नातीच्या लग्नाला गेला होतात, तीन दिवस. तीन मशीन माझ्यावर टाकून गेलात, रोज एक. मी तेव्हा तरणी होते, अंगात नुसती घाई. दहा वेळा तेच तेच बघून माझं डोकं फिरायचं. म्हटलं, घसरगुंडी कशी दिसते ते मला पाठ आहे, मोजायचं कशाला. तिन्ही कागद एका बैठकीत काढले, गुरुवारचा, शुक्रवारचा, शनिवारचा, छान वळणदार, आणि बाकीचा वेळ समोरच्या पापडवालीकडे जाऊन बसले. तुम्ही आलात, बॅग खाली न ठेवता कागद बघितलेत. गुरुवारचा बघितलात. शुक्रवारचा हातात धरलात. मग विचारलंत, "अमां, शुक्रवार को मशीन किस पे चलाया? घासलेट पे?"

शुक्रवारी आपल्या गल्लीत दहा ते पाच लाईट नसायची. दर शुक्रवारी. शेंबड्या पोराला माहीत होतं. मी स्वतः त्या दिवशी पापडवालीकडे पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते, आणि कागदावर मात्र दुपारी दोनचा ठिपका, अगदी जागच्या जागी.

मला वाटलं काढून टाकणार. तुम्ही तिन्ही कागदांचे चार चार तुकडे केलेत, स्वतःचं स्टूल माझ्या टेबलाजवळ ओढलंत आणि म्हणालात, "चल, वरी." तीन दिवस तुम्ही माझ्या शेजारी बसून होतात. ओरडला नाहीत. मधेच फक्त एकदा म्हणालात, की हे मशीन ज्याच्या घरी जाईल तो तुला ओळखत नाही, मला ओळखत नाही, त्याच्याकडे फक्त हा कागद आहे. मग गिऱ्हाइकाला चहा सांगावा तसं माझ्यासाठी दाल-पकवान मागवलंत. मी मान खाली घालून खाल्लं. इतकं तिखट होतं की डोळ्यांतून पाणी आलं आणि तुम्हाला वाटलं मी रडतेय. तुम्ही गडबडून पाणी आणायला धावलात. मी सांगितलं नाही की तिखटामुळे. थोडी रडतही होते.

तर धाकट्याचं सॉफ्टवेअर. मी ते नीट बघितलं, उगाच नावं ठेवत नाही. ग्राफ देखणा काढतं, रंगीत. पण त्याने सांगितलं एकोणीस सेकंद, आणि त्याच मशीनला माझ्या घड्याळात एक मिनिट बारा. मी धाकट्याला म्हटलं, "अरे, हे चित्र आल्यावर थांबतं. अक्षर कुठे उमटलंय?" तो म्हणाला, "मासी, कंपनी का सॉफ्टवेअर है, आपसे ज्यादा जानता है." मी म्हटलं, "मशीनच पेपर लिहिणार आणि मशीनच तपासणार, मग सगळेच पास." तो चिडला. वाईट नाही हो तो, तुमच्यासारखंच कपाळ आहे, चिडला की मधोमध शीर येते. त्याचंही खरं आहे, आता लोक नवीन घेतात, जुन्या मशीनला विचारतं कोण. सोनिवलीच्या नव्या बिल्डिंगांमागे एक शाळा आहे, तिला वीस मशीन पाहिजे होती. एवढं मोठं गिऱ्हाईक वर्षभरात आलं नव्हतं. धाकट्याने मला बजावलं, बाई बघायला येतील तेव्हा मधे बोलू नका, आणि तो पहिला ठिपका तर दाखवूच नका. ऑर्डर गेली तर टेबलही गेलं, एवढं धरून चाला.

बाई गुरुवारी आल्या. तिशीच्या असतील, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर घाई. धाकट्याने रंगीत ग्राफ दाखवला, एकोणीस सेकंद. त्या मान डोलावत होत्या. मी गप्प बसले होते दादा, शपथेवर सांगते, ओठ आवळून बसले होते. पण सकाळी सवयीने मी पहिल्या मशीनला माझा कागद चिकटवला होता. बाईंनी तो वाकून बघितला. "हे काय वेगळंच लिहिलंय? सव्वा मिनिट?" धाकटा म्हणाला, ते जुनं आहे. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मावशी, यातलं खरं कोणतं?"

मी म्हटलं, मला विचारू नका, मोजा. त्यांच्या मोबाइलमध्ये घड्याळ होतं. एक थंड मशीन पुढे ओढलं, त्यांना सांगितलं, बटणाबरोबर चालू, अक्षर उमटलं की बंद. चित्र आलं तेव्हा धाकटा आशेने त्यांच्या अंगठ्याकडे बघत होता. मी म्हटलं, थांबा, अजून नाही. त्या थांबल्या. धाकट्याच्या कपाळावर शीर आली होती आणि मला वाटत होतं, गेलं टेबल. अक्षर उमटलं. त्यांचं एक मिनिट नऊ. माझं एक मिनिट बारा. पुन्हा दोनदा केलं. त्यांचं अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. माझं एकसष्ट, एकसष्ट. बाई हसून म्हणाल्या, "माझाच अंगठा घाई करतो वाटतं." मी म्हटलं, "असेल."

मग त्या पिशवी खाली ठेवून धाकट्याला म्हणाल्या, "माझा तास पस्तीस मिनिटांचा, पोरं चाळीस. एवढा वेळ लागतो हे आधी कळलं तर प्रार्थनेच्या आधी येऊन मी सगळी चालू करून ठेवीन. तुमच्या एकोणीसवर गेले असते तर पहिल्याच दिवशी वर्गात गोंधळ आणि हेडबाईंची बोलणी." वीसची वीस घेतली. अट एकच, प्रत्येकाला मावशींचा कागद पाहिजे. त्या गेल्यावर धाकट्याने कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. मग म्हणाला, "वीस कागद कधीपर्यंत होतील, मासी?" टेबल हलवायचा विषय पुढे कोणी काढला नाही.

म्हणजे मी जिंकले. तुम्ही असता तर खूश झाला असता, आणि मला इथेच थांबता आलं असतं. पण दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी तेच मशीन परत चालू केलं, एकटीने. एकसष्ट. पुन्हा, एकसष्ट. मग टेबलावर कोणाचा तरी चष्मा पडला होता तो लावून बघितलं. साठ. एक सेकंद डोळ्यांचा. उरलेले दोन अंगठ्याचे. अक्षर उमटतं, मला दिसतं, मी दाब म्हणते, आणि अंगठा आपल्या सवडीने दाबतो. जन्मभर घाईची म्हणून तुमची बोलणी खाल्ली आणि आता ही तऱ्हा. साफ करूनही नव्वद सेकंदांच्या वर गेलं की मशीन विकायचं नाही, तोडायचं, हा तुमचाच नियम. गेल्या पावसाळ्यात एक्याण्णव-ब्याण्णवची तीन तोडली मी. ती चांगली होती.

धाकट्याला हे सांगेन. वीस कागद काढायच्या आधी सांगेन, नाहीतर ते वीसही खोटे. पण अजून सांगितलेलं नाही. हे पत्र टाकायला तर तुमचा पत्ताच नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगते. त्या बाईंचा अंगठा बरोबर होता, दादा. आणि मला ते तिथेच, त्यांच्यासमोर उभी असतानाच कळलं होतं.