पस्तिसावी

ता. ४, सोमवार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र लांबलं म्हणून रागावू नकोस. रागावायला पुढे पुष्कळ आहे. माझ्यामुळे एका मुलीने शाळा सोडली आहे.

माझ्या वर्गात पस्तीस मुली. भाषेच्या तासाला जोडीने बोलायचा सराव असतो. मी तीन टाळ्या वाजवते, तेवढ्यात प्रत्येकीने जोडीदार धरायची. सतरा जोड्या होतात आणि एक उरते. रोज तीच. ती अडखळत बोलते, म्हणून मुलींनी तिचं नाव 'सावकाश' ठेवलंय. ती भिंतीशी उभी राहिली की मीच हसत तिच्यासमोर बसायचे. आपण किती मायाळू, असं वाटायचं गं मला!

आठ दिवस ती आली नाही. आज तिची आई येऊन गेली, शिवणकाम करते. पोरगी एवढंच म्हणते म्हणे, की चौतीस जणी असल्या की जोड्या बरोबर लागतात, बाईंना त्रास नको. मावशी, तिचं गणित चुकलेलं नाही, हेच मला सहन होत नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, सोळा तारखेपर्यंत आली नाही तर पटावरून नाव कमी होईल. मी दोनदा घरी गेले, ती खोलीचं दार उघडत नाही. तू एवढी वर्षं शाळा हाकलीस, काहीतरी सांग, पण लवकर. काकांना नमस्कार. हे वाचूनही माया कमी करू नकोस.

तुझी,
धांदरट भाची


ता. ८, शुक्रवार

चि. धांदरट हिस,
अ. उ. आ.

आधी तुझा कान पिळावासा वाटला. अगं, बाई रोज जिच्यासमोर बसतात तिला दुसरी कोण घेणार? तू तिच्यावर शिक्काच मारलास. मीही एका मुलीला वर्षभर माझ्या टेबलाशी बसवलं होतं. मोठेपणी भेटली तेव्हा मला पाहून रस्ता ओलांडून गेली. ते अजून सलतं मला.

आता रडणं पुरे. टाळ्या बंद कर. मुली आत यायच्या आधी जोड्या तूच फळ्यावर लिही. एक गट तिघींचा कर, आणि तिसरी दर वेळी वेगळी असू दे. काम असं दे की एकीवाचून दुसरीचं अडेल. ती आली नाही तरी तिचं नाव लिही. आणि तू हाताची घडी घालून बस; तुला तेच जड जाईल. यश येईलच असं मात्र मी म्हणत नाही.

काकांचा खोकला सोडला तर इकडे ठीक. कान पिळला तरी जीव तुझ्यापाशीच.

मावशी


ता. १५, शुक्रवार

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मंगळवारी मिळालं. बुधवारी फळ्यावर सावकाशच्या नावासमोर वर्गातली महाबडबडी लिहिली. तिला सगळ्या 'रेडिओ' म्हणतात. एकीकडे खोलीचं चित्र, दुसरीकडे कोरा कागद. एकीने सांगायचं, दुसरीने काढायचं. रेडिओच्या हातात चित्र आणि समोर रिकामा बाक. बाई, तुम्ही बसा ना, म्हणाली. माझे पाय निघालेच होते, पण टेबलाची कड धरून राहिले. म्हटलं, तुझी जोडीदार घरी आहे. ती तासभर धुमसत बसली. काल पुन्हा तेच. एक गेलीच, आता दुसरीही हातची घालवतेय, असं वाटून मी अगदी खचले.

काल शाळा सुटल्यावर रेडिओ तरातरा सावकाशच्या घरी गेली. तिच्या आईने सांगितलं, बंद दाराबाहेर बसून चित्र सांगायला लागली. थोड्या वेळाने आतून प्रश्न आला, खिडकी डावीकडे की उजवीकडे. एवढं विचारायला सावकाशला किती वेळ लागला असेल! तोवर रेडिओ गप्प होती म्हणे, आणि ते मला अजून खरं वाटत नाही.

आज हजेरी घेताना मान वर करायचा धीर नव्हता. पण ती आली होती. अर्धं राहिलेलं चित्र दोघींमध्ये पसरलेलं. मी सवयीने तिच्या बाकाशी गेले. तिने वर पाहिलं, आणि सगळा वर्ग थांबलेला असताना, एकेक शब्द ओढत मला सांगितलं की बाई, तुम्ही जा, आमचं काम चाललंय.

मी निमूट गेले गं मावशी. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मुली बघतायत हे ठाऊक असूनही ढसाढसा रडले.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
भाची